संगणकाचा कूलर आणि शांत खोली

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या अंगावर आला आहे. २०२३ च्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असता ‘ध्वनिमुद्रण खोली : कूलर, रुपये २,४००’ अशी एक ओळ आली. त्याबरोबर मागल्या रांगेतून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘‘मास्तर, या भावात कूलर मिळाला तरी कुठे? आणि मिळालाच असेल, तर तो खोलीत दिसत का नाही?’’ सभेत हशा पिकला. आपल्या हैदराबादेत कूलर म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो गवताच्या ताट्या लावलेला, पोटात पाण्याचा पंप असलेला, उन्हाळ्यात खिडकीशी घरघरणारा पत्र्याचा मोठा पेटारा. आम्ही त्या वेळी ‘‘तो संगणकाच्या आत आहे’’ एवढेच सांगून खाली बसलो. उत्तर खरे होते, पण पुरेसे नव्हते. न्यासाचा पैसा वर्गणीचा आहे. त्यातल्या प्रत्येक रुपयाचे उत्तर द्यायला खजिनदार बांधील आहेत, तसे खरेदी करणारा माणूसही बांधील आहे. म्हणून अध्यक्षांनी ‘‘काही तरी विज्ञानाचे बोला’’ असे सुचवले तेव्हा आम्ही हाच हिशोब द्यायचे ठरवले.

प्रथम खोलीविषयी. वाचनालयामागच्या लहान खोलीत आपण २०२२ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी शालेय पुस्तके वाचून मुद्रित करतो. खोलीत एक टेबल, एक मायक्रोफोन, भिंतीला जुन्या सतरंज्या, आणि एक जुळवून घेतलेला डेस्कटॉप संगणक. आपल्यातील काही भगिनी आणि आम्ही आळीपाळीने वाचावयास बसतो. मुद्रण चालू असता छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, खिडकी लावून घ्यावी लागते, दारही लोटावे लागते. एप्रिलमध्ये या खोलीत बसून इतिहासाचे दोन धडे वाचणे म्हणजे काय, हे ज्याने वाचले त्यालाच ठाऊक. त्यातून रोजे असतील तर घसा ओला करण्याचीही सोय नसे.

२०२२ च्या डिसेंबरात एका विद्यार्थ्याने, मोठ्या अदबीने, आम्हांस विचारले, ‘‘सर, तुम्ही वाचता तिथे शेजारी पिठाची गिरणी आहे का?’’ आम्ही नाही म्हटले. तो म्हणाला, ‘‘मग मधूनच काय सुरू होते? मी दुप्पट वेगाने ऐकतो. तो आवाज आला की शब्द तुटतात.’’ ही मुले ध्वनिमुद्रण नेहमीच्या वेगाने ऐकत नाहीत हे आम्हांस तोवर नीट उमगले नव्हते. आपण डोळ्यांनी पान भराभर वाचतो. तोच वेग ती कानांनी गाठतात. साध्या वेगात जो आवाज आपण सहज दुर्लक्षितो, तो दुप्पट वेगात व्यंजनांच्या मध्ये घुसतो. त्या दिवशी घरी जाऊन आम्ही डोक्याला हेडफोन लावून आपले धडे ऐकले. मुलगा खरे सांगत होता. चार वाक्ये स्वच्छ, मग एकाएकी घर्रर, मग पुन्हा शांत. ती गिरणी आमच्या संगणकाच्या पोटात होती.

आता ही गिरणी का चालते ते पाहू.

संगणकाचा जो मेंदू म्हणतात तो प्रोसेसर. त्यात जेवढी वीज जाते तेवढी सारीच्या सारी उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर वॉट आत गेले तर शंभर वॉटची उष्णता बाहेर आलीच पाहिजे. आपल्यातील वडील मंडळींनी शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब पाहिला आहे, आणि पेटलेल्या बल्बाला चुकून हात लावून चटकाही खाल्ला आहे. कपड्यांची इस्त्री हजार वॉटची असली तरी तिचा तळ पंज्याहून मोठा असतो. इथे मात्र शंभर वॉटची उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीतून निघते. ती तिथून वेळेवर हलवली नाही, तर प्रोसेसर ठरावीक मर्यादेला, म्हणजे पुष्कळ प्रोसेसरांत ९५ किंवा १०० अंशांना, पोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. तो जळत नाही, मंदावतो.

जुन्या काळी ही अडचण नव्हती. ४८६ जातीचे बरेच प्रोसेसर साध्या पत्र्याच्या हीटसिंकवर, काही तर त्याविनाही, पंखा न लावता चालत. १९९३ साली पेंटियम आला, पंधरा वॉटांच्या आसपास उष्णता देऊ लागला, आणि पंखा अंगवळणी पडला. आज इंटेलच्या कोअर आय५-१२४०० या मध्यम प्रोसेसरचा मूळ आकडा ६५ वॉट, परंतु जोराच्या कामात तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्याच घराण्यातील नंतरच्या आय९-१३९००के चे हेच आकडे १२५ आणि २५३ असे आहेत. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स १७० वॉटचा म्हणून विकला जातो आणि प्रत्यक्षात २३० पर्यंत वीज घेतो. कूलर घेताना पेटीवरचा पहिला आकडा पाहून भागत नाही, दुसरा शोधावा लागतो, तो यासाठी. दुकानदार बहुधा पहिलाच सांगतो.

ही उष्णता कशी निघते ते समजण्यास आमच्या घरचे एक उदाहरण पुरेल. आमच्या अम्मी चहा नेहमी बशीत ओतून पीत. कपातला चहा पाच मिनिटे निवत नाही, बशीतला मिनिटात निवतो, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. आता बशी मोठी असेल तर नुसती हलकी फुंकर पुरते. बशी लहान असेल तर गाल फुगवून जोरजोराने फुंकावे लागते, आणि ते फुंकणे शेजारच्या माणसाला ऐकू जाते. संगणकाच्या कूलरमध्ये बशी म्हणजे हीटसिंक, ते पातळ पत्र्यांचे झुपके. आणि फुंकर म्हणजे पंखा. आवाज होतो तो फुंकरीचा. यास्तव ज्याला शांतता हवी त्याने पंख्याकडे नंतर आणि बशीच्या आकाराकडे आधी पाहावे. आमची पहिली चूक नेमकी इथेच झाली, ती पुढे सांगतो.

पंख्याविषयी एक नियम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट जाते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. आणि १० डेसिबल चढला की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. उलट वेग निम्मा केला की आवाज निम्म्याहूनही बराच खाली येतो. हवा निम्मीच घटते, हे लक्षात घ्या. देवघेवीचा असा किफायतशीर सौदा निसर्ग क्वचितच देतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० चा घेतला तर त्याचे वर्तुळ सव्वादोन पट मोठे, म्हणून तो सावकाश फिरूनही तितकीच हवा हलवतो. तेव्हा मोठे हीटसिंक आणि त्यावर मोठा, पण सुस्त पंखा, एवढ्यात या शास्त्राचे सार येते.

आमची कथा मात्र इतक्या सरळ वाटेने गेली नाही.

प्रोसेसरबरोबर त्याच्या पेटीत एक लहान कूलर आलेला होता. तो नादुरुस्त नव्हता. कचेरीतल्या कामाला तो पुरतो. त्याची बशी लहान, एवढाच त्याचा दोष. आम्ही घाईघाईने सिकंदराबादेस गेलो आणि ‘हा अधिक जोराचा आहे’ असे ऐकून, रंगीत दिव्यांचा, तसाच बुटका, परंतु जास्त फेरे घेणारा एक कूलर स्वतःच्या खिशातून आणला. (न्यासाच्या हिशोबात तो नाही, शोधू नये.) त्याने प्रोसेसर खरोखरच थंड राहिला, आणि गिरणीची झाली आरागिरणी. आठ दिवसांत तो काढून ठेवला. दिवे मात्र सुंदर होते. आमचा धाकटा ते अजून बॅटरीवर लावून खेळतो.

मग जानेवारीत आम्ही एक गोष्ट केली जी सर्वांत आधी करावयास हवी होती. आवाज सतत नसून मधूनच का येतो, याचा शोध घेतला. मुद्रण हे संगणकाला हलके काम आहे. पण मध्येच तो फाइल साठवतो, किंवा पडद्यामागे एखादे अद्ययावतीकरण सुरू करतो, आणि क्षणभर प्रोसेसरचे तापमान वीस अंशांनी उडी मारते. पंखा त्या उडीमागे धावतो, दोन सेकंदांत थांबतो, पुन्हा धावतो. कानाला सतत मंद आवाजापेक्षा हा चढउतार फार टोचतो. आजच्या पंख्यांना चार तारा असतात. चौथ्या तारेवरून मदरबोर्ड वेगाचा हुकूम देतो, आणि तो हुकूम कोणत्या तापमानाला किती द्यावा हे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये ठरवता येते. आम्ही साठ अंशांपर्यंत पंखा एकाच मंद गतीत राहील अशी पायरी बांधली, आणि गती वाढवण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची अट घातली. खर्च शून्य. गिरणी बंद. आम्ही खूष झालो.

इथे सभासद विचारतील, आणि एकाने विचारलेही, की मग २,४०० रुपये कशाला? त्याचे उत्तर एप्रिलने दिले. हवेने निवणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांतील अंतर ठरवतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. जानेवारीत आमच्या खोलीत २४ अंश होते, एप्रिलअखेर पंखा बंद करून दार लोटल्यावर ३८. म्हणजे चौदा अंश आयतेच वर चढले. मुद्रण झाल्यावर आवाज साफ करून फाइल तयार करण्याचे जड काम सुरू केले की प्रोसेसर पंचाण्णवाच्या वर जाई, आणि आमच्या पायऱ्या ओलांडून पंखा पुन्हा किंचाळे. मंद गती आणि लहान बशी यांची जोडी थंडीत जमली, उन्हाळ्यात फाटली. मोठी बशी घेण्याला दुसरा पर्याय राहिला नाही.

पर्याय सुचवणारे पुष्कळ भेटले. एका सज्जनांनी पाण्याचा कूलर देणगीदाखल देऊ केला. त्यांचे आभार मानून आम्ही नाही म्हटले, ते का, हे सांगणे जरूर आहे. पाणी उष्णता चांगली वाहते हे खरे. पण शेवटी ती उष्णता रेडिएटरवर जाऊन त्याच खोलीतील हवेला द्यायची असते, आणि तिथेही पंखे लागतातच. शिवाय पंप अखंड चालतो. आम्ही एका ओळखीच्याकडे जाऊन कान लावून ऐकला : पंखा थांबला तरी पंपाची बारीक गुणगुण राहते, आणि ती मायक्रोफोन बरोबर टिपतो. पंप ही झिजणारी वस्तू, नळ्यांतले पाणीही वर्षांच्या ओघात थोडथोडे उडते. २५० वॉट ओकणाऱ्या प्रोसेसरसाठी त्याचा उपयोग आहे. आमच्यासारख्या मध्यम यंत्राला तो हत्तीचा हौदा गाढवावर ठेवण्यासारखा झाला असता. दुसरे टोक म्हणजे पंखाच नसलेला कूलर. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने २०२१ साली एनएच-पी१ नावाचा असा कूलर काढला आहे, पण त्याला हवा आपोआप वर वाहील अशी मोकळी पेटी लागते. ३८ अंशांच्या बंद खोलीत ते धाडस आम्ही केले नाही.

राहिला उभा, मनोऱ्यासारखा कूलर. त्याचे मर्म तांब्याच्या नळ्यांत आहे, आणि ती नळी आम्हांस या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर वस्तू वाटते. नळी दोन्ही टोकांना बंद. आतली हवा काढून घेतलेली. आत थोडे पाणी, आणि आतल्या भिंतीला सच्छिद्र अस्तर. हवा नसल्यामुळे पाणी फार कमी तापमानाला उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ वरच्या पत्र्यांकडे धावते, तिथे उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे अस्तरातून परत येते. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. कल्पनेचे पेटंट त्याआधी जनरल मोटर्सच्या गॉगलर यांच्या नावावर होते. पुढे ती अंतराळयानांत गेली आणि मग आपल्या टेबलाखाली आली. आम्ही घेतलेल्या कूलरला अशा चार नळ्या आहेत आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा. डीपकूलचा एके४०० हा या जातीचा. कूलर मास्टरचा हायपर २१२ हा फार वर्षे याच जातीचा आदर्श मानला गेला. याहून मोठा हवा असेल तर थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० ला सहा नळ्या आणि दोन पंखे आहेत. नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्याहूनही थोर आहे, किमतीनेसुद्धा. आमच्या ११७ वॉटांना चार नळ्या पुरेत असा आमचा हिशोब, आणि तो चुकला नाही.

विकत घेण्याआधी पट्टी घेऊन पेटी मोजा, हे आम्ही हात जोडून सांगतो. एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर, एनएच-डी१५ ची १६५. मदरबोर्डापासून पेटीच्या झाकणापर्यंत तेवढी जागा नसेल तर झाकण बसत नाही, आणि परत घेताना दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मेमरीच्या उंच पट्ट्या पंख्याला आडव्या येतात काय, तेही पाहावे. आणखी एक अडचण आमच्या वाट्याला आली. एका सभासदांनी आपल्या जुन्या संगणकावरचा उत्तम मोठा कूलर फुकट दिला. तो बसेना. जुन्या इंटेल मदरबोर्डांवर कूलरच्या भोकांमधील अंतर ७५ मिलिमीटर असे. आमच्या १७०० टाचण्यांच्या सॉकेटला ते ७८ आहे. तीन मिलिमीटरसाठी दान परत गेले. एएमडीवाल्यांना हा त्रास कमी : त्यांच्या २०२२ च्या एएम५ सॉकेटवर आधीच्या एएम४ चे बहुतेक कूलर चालतात.

पेटीवर छापलेल्या डेसिबलवर आम्ही फारसा विश्वास ठेवत नाही. किती अंतरावरून, कोणत्या खोलीत, पंखा किती वेगात असता मोजले हे लिहिलेले नसेल, तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मोबाइलवरची मोजयंत्रे इतक्या बारीक आवाजाला निकामी. आमची कसोटी साधी : खोलीत कोणी न बोलता एक मिनिट मुद्रण करायचे, आणि ते हेडफोनवर ऐकायचे.

कूलर बसवला त्या दिवशीची फजिती सांगितली नाही तर हिशोब अपुरा राहील. सर्व स्क्रू आवळले, झाकण लावले, संगणक सुरू केला, आणि पाच मिनिटांत तापमान शंभर. नवा, मोठा, नावाजलेला कूलर, आणि जुन्याहून वाईट! आम्ही दुकानदारास मनातल्या मनात पुष्कळ बोललो. दोन तासांनी पुन्हा उघडून पाहतो तो कूलरच्या तांब्याच्या बुडाला चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. त्यावर ‘बसवण्यापूर्वी काढावा’ असे छापलेलेही होते. नवव्या इयत्तेला उष्णतावहन शिकवणाऱ्या माणसाने तांबे आणि प्रोसेसर यांच्यामध्ये प्लास्टिक ठेवले होते! वर्गात हा प्रसंग आम्ही दर वर्षी स्वतःहून सांगतो. मुलांना तो धड्यापेक्षा चांगला ध्यानात राहतो. पापुद्रा काढला, जुनी पेस्ट पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी लावली. पेस्टचे काम दोन धातूंच्या मधल्या बारीक खळग्यांतील हवा हुसकून लावण्याचे आहे. हवा उष्णतेची फार वाईट वाहक, तांब्याच्या हजारो पट वाईट. म्हणून पेस्ट थोडकीच हवी, लोण्यासारखी थापू नये. मग ३८ अंशांच्या खोलीत, जड काम चालू असता, तापमान अष्ट्याहत्तरावर ठरले आणि पंखा मिनिटाला नऊशे फेऱ्यांवर राहिला. मुद्रण चालू असता तो सहाशेच्या आसपास असतो. हात पुढे केल्याशिवाय तो फिरतो आहे हे कळत नाही.

जुना कूलर काढताना एक काळजी घ्यावी. संगणक आधी थोडा वेळ चालवून कोमट करावा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून, वीज काढून, कूलर किंचित फिरवत सोडवावा. एएम४ च्या प्रोसेसरला खाली टाचण्या असतात. सरळ ओढला तर तो कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो, टाचण्या वाकतात, आणि मग २,४०० रुपयांची गोष्ट राहत नाही.

कूलर शांत झाला आणि दुसरीच कुणकुण ऐकू येऊ लागली. मोठी माणसे गप्प झाली की लहानांचे बोलणे ऐकू येते, तसे. ती फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कची होती. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, त्या सुराची गुणगुण टेबलाच्या फळीतून मायक्रोफोनच्या दांडीत चढत होती. डिस्कखाली रबर दिले, मायक्रोफोन वेगळ्या तिवईवर घेतला. संगणकाची पेटी टेबलावरून काढून मायक्रोफोनच्या पाठीमागे, दूर कोपऱ्यात ठेवली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे तितका नाही, पण पुष्कळ उतरतो. पेटीच खोलीबाहेर ठेवावी आणि तारा भिंतीतून घ्याव्यात, हा सर्वांत शांत उपाय. तो आम्ही विचारात घेतला होता. पण बाहेरच्या व्हरांड्यात मुलांच्या चपला, धूळ आणि एक मांजर असते.

‘‘आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, मग एवढी यातायात कशाला?’’ असे तरुण मंडळी म्हणतात. ऑडॅसिटीत ती सोय आहे, आम्ही वापरतोही. आधी नुसत्या आवाजाचा नमुना द्यायचा, मग तेवढा आवाज ते सगळीकडून वजा करते. पण नमुना एकसारखा असेल तरच हे जमते; चढउतार करणाऱ्या पंख्यापुढे ते गोंधळते. आणि जास्त ओढले तर आवाजाबरोबर ‘स’, ‘श’, ‘ष’ यांचीही धार जाते, वाचणारा पत्र्याच्या डब्यातून बोलतो असे वाटते. आमच्या श्रोत्यांना पुस्तक दिसत नाही. त्यांना ‘शाळा’ की ‘साळा’ हे कानानेच ठरवायचे आहे.

तेव्हा डिसेंबरपूर्वीचे अकरा धडे आम्ही पुन्हा मुद्रित करायला घेतले. त्यांतले सात एका निवृत्त शिक्षिका काकूंचे होते. त्या एकाहत्तर वर्षांच्या, आवाज खणखणीत, उच्चार असे की आम्ही मास्तर असूनही त्यांच्याकडून शिकलो. ‘‘मास्तर, तुमचा तो कूलर आला की सांगा, मी सातही पुन्हा वाचते,’’ असे त्या म्हणत. मे महिन्यात त्यांनी चार वाचले. पावसाळ्यात त्यांचे गुडघे दुखू लागले, जिना चढवेना, आणि २०२३ च्या दिवाळीनंतर त्या राहिल्या नाहीत. उरलेले तीन धडे आम्ही आमच्या आवाजात वाचून ठेवले आहेत. परंतु ज्या विद्यार्थ्याने गिरणीची तक्रार केली होती, तो आता बारावीत असून आपल्या धाकट्या मित्रांसाठी धडे नेतो, आणि त्या तिघांपुरते काकूंचेच मागतो. ‘‘गिरणी असू द्या,’’ म्हणतो. दोन्ही प्रती आम्ही ठेवल्या आहेत. जानेवारीतली ती बायोसची पायरी आम्हांस पहिल्या दिवशीच सुचली असती, तर ते सातही धडे स्वच्छ झाले असते, आणि त्याला पैही लागली नसती. हिशोबात ही नोंद कुठल्या खात्यावर घालावी हे खजिनदारांनी सांगावे.

आता देखभालीचे. आपल्या शहरातील धूळ सहा महिन्यांत पत्र्यांमधल्या फटी बुजवते. मग मोठी बशी पुन्हा लहान होते आणि पंखा पुन्हा धावू लागतो. म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, पेटी उघडून ब्लोअरने झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. ओले फडके लावू नये. पेस्ट तीन-चार वर्षांनी बदलली तरी चालते. आमच्या कूलरची पुढची झाडणी येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, त्याच खोलीत आहे. ज्या ज्येष्ठ सभासदांनी कूलर दिसत नाही म्हणून विचारले होते, त्यांना आम्ही खास बोलावणे करतो. झाकण उघडल्यावर तो स्पष्ट दिसतो. बॅटरी धरायला एक माणूस लागतोच.